जुनी जीप घरच्या घरी: सकाळी लवकर चालू होत नाही, पंप उतरवू की आधी काही बघू?

कातळवाट | १० मे, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. प्यूजो इंजिन, २११२ सीसी. बाबांनी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. हापूसच्या पेट्या, शेणखत, चिरे, लग्नाचं वऱ्हाड, अर्ध्या रात्री रत्नागिरीला न्यायचा पेशंट, सगळं तिनं वाहिलंय. २०२४ ला चौथ्यांदा कागद नवे करून घेतले, म्हणजे २०२९ पर्यंत रस्त्यावर आहे आणि तोवर तरी ती मला नीट ठेवायची आहे.

आता दुखणं सांगतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ तीन-चार वेळा मारावा लागतो. मग पकडते, दहा सेकंद चालते, खोकते आणि बंद पडते. परत तेच. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू होते. आंबा घाट पेट्या भरून चढली, ओढीत कुठं कमी नाही.

बाबांचे जुने मिस्त्री आता काम करत नाहीत. जवळच्या एका गॅरेजात दाखवली तर उभ्या उभ्या सांगितलं, "डिझेलचा पंप आणि ते सिलिंडरात फवारणारे नोझल उतरवावे लागतील, अठ्ठावीस हजार धरून चला." ऑइल, फिल्टर, बेल्ट, ब्रेकचे शू हे मी घरी करतो. तर प्रश्न दोन. पंप उतरवण्याआधी घरी काय काय बघता येईल? आणि अशा जुन्या गाडीची कोणती कामं स्वतः करावीत, कोणत्या कामाला हात लावू नये?

सरळमार्ग | १० मे, रात्री ९:४१

तीस वर्षं झाली की हो. चांगली किंमत देणारे हौशी लोक आहेत, देऊन टाका आणि एखादी नवी पिकअप घ्या. दुरुस्तीत जाणारा वेळही पैसाच असतो.

अंजली_पुणे | १० मे, रात्री १०:०५

सरळमार्ग, त्यांनी विकू का असं विचारलेलंच नाही. :)

कातळवाट, हीटर प्लग तपासलेत का? या इंजिनला थंड असताना हीटर लागतो. प्लगवरची पट्टी काढा. बारा व्होल्टचा साधा टेस्टर बल्ब घ्या, एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला. बल्ब पेटला तर आतली तार शाबूत, नाही पेटला तर प्लग गेला. चारही बघा. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या २००३ च्या सुमोच्या वेळी मी हे शिकले, तेव्हापासून टेस्टर बल्ब गाडीच्या खणातच असतो.

फिटर_नाना | १० मे, रात्री ११:१२

भावा, मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात चौतीस वर्षं इंजिनं उघडली, आता घरी असतो. पंपाला हात लावू नको. आधी माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं दे.

एक. सेल्फ मारतोस तेव्हा सायलेन्सरमधून धूर येतो का? पांढरा, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा?

दोन. रात्री गाडी उभी कुठं असते? सपाटीला का चढाला?

उत्तर दे, मग बोलू.

कातळवाट | ११ मे, सकाळी ७:०३

नाना, आत्ता बघून आलो. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही. पकडली की मग थोडा येतो. आणि आमचं अंगण उतरतं आहे, जीप नाक वर करून उभी असते. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, मागच्या महिन्यात सासुरवाडीला सपाट खळ्यात दोन रात्री होती. दोन्ही सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली! मला वाटलं तिकडं उबारा जास्त म्हणून असेल.

फिटर_नाना | ११ मे, सकाळी ८:३०

मग तुझं दुखणं तूच सांगितलंस.

बघ, हीटर गेला असता तर डिझेल सिलिंडरात पडलं असतं, जळालं नसतं आणि पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं. तुझ्याकडं धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. नोझल खराब असतं तर ओढ कमी झाली असती, काळा धूर आला असता, ठोका वाढला असता. तसंही काही नाही. तुझ्या लाइनीत कुठंतरी हवा शिरते. नाक वर असलं की रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडं परत उतरतं आणि लाइन रिकामी होते. सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्या थोड्या डिझेलवर दहा सेकंद चालते, मग हवा येते आणि बंद पडते. सपाटीला डिझेल मागं उतरत नाही, म्हणून पहिल्या सेल्फला चालू.

आणि जमिनीवर डिझेलचा डाग नाही म्हणून फसू नको. टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंत, ओढीची बाजू आहे. तिथं भेग असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खालची माती कोरडीठाक असते. पंपाच्या पुढं गळती असली की मग ओलं दिसतं.

अंजली_पुणे | ११ मे, सकाळी ८:५२

नाना, केवढं स्वच्छ सांगितलंत. धुराचा प्रश्न आधी विचारायचा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी हीटर तपासा असं मी म्हणेनच, दोन दुखणी एका वेळी असू शकतात.

पंपवाला_सांगली | ११ मे, दुपारी १:२०

मी पंप-नोझलचंच काम करतो, टेस्ट बेंच आहे माझा. तरीही सांगतो, नानांचं शंभर टक्के बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या पंपांत कितीतरी पंप बेंचवर लावले की ठणठणीत निघतात. मग गाडीवाल्याला विचारायचं, पाइप बघितले का? तर नाही.

घरी असं करा. फीड पंपातून फिल्टरकडे जाणारा रबरी पाइप काढा आणि तेवढ्यापुरता पारदर्शक पाइप लावा. डिझेल चालणाऱ्या जातीचाच घ्या, कूलरच्या पाण्याचा घेतलात तर दोन दिवसांत दगडासारखा होतो. हात पंपानं हवा काढा, इंजिन चालू करा आणि पाइपकडे बघत बसा. बुडबुडे दिसले तर हवा फीड पंपाच्या आधीच शिरते.

मग दुसरी पायरी. टाकीकडून येणारा पाइप सोडा. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, त्यात एक नवा पाइपचा तुकडा बुडवून सरळ फीड पंपाला जोडा. बुडबुडे थांबले तर फीड पंप चांगला आहे, भेग टाकी आणि पंपाच्या मध्ये आहे. नाही थांबले तर फीड पंपाचा पडदा किंवा त्याचे वायसर. शोधायची जागा एका झटक्यात अर्धी होते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. नोझलचा नट सैल करून चालू इंजिनवर हवा काढताना कधीही बोट त्या फवाऱ्यासमोर नेऊ नका. तो दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि माणूस दुर्लक्ष करतो. तसं झालंच तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

विहीरकाठ | ११ मे, दुपारी ३:४५

२०२० पासून जे नवं डिझेल आलं त्यानं जुन्या पंपांची वाट लागते असं ऐकतो. त्यात वंगणच उरलं नाही म्हणे. मी दर टाकीला थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल घालतो. हे बरोबर आहे का?

पंपवाला_सांगली | ११ मे, सायंकाळी ६:१०

अर्धं खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल आलं आणि गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर आलं. गंधक काढताना डिझेलची नैसर्गिक स्निग्धता कमी होते हेही खरं. पण म्हणूनच ती भरून काढणारं द्रव्य वर मिसळतात आणि त्याचं माप ठरलेलं आहे. चाचणीत घासल्याचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा पडता कामा नये. टू-टी घालायची गरज मला वाटत नाही.

जुन्या गाडीला खरा त्रास होतो तो रबराचा. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले सील आणि पाइप नव्या डिझेलमध्ये थोडे आकसतात. आधीच म्हातारं झालेलं रबर, त्यात आकसलं की फट पडते. म्हणून अशा गाडीचे सगळे रबरी पाइप एकदाच बदलून टाकावेत, खर्च फार नाही.

विहीरकाठ | ११ मे, सायंकाळी ६:३१

धन्यवाद. पाइप बदलतो. टू-टीची बाटली आता गवत कापायच्या मशिनला.

गोंयकार_दिवचल | ११ मे, रात्री ८:१५

आमच्याकडे पावसाच्या आधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. निम्मं जळकं ऑइल, निम्मं डिझेल, फवारणीच्या पंपानं सगळी चासी भिजवायची. वडिलांनी कायम तेच केलं, मीही करतो. खाणीच्या रस्त्यावरची तांबडी माती बसते, तिच्यावर थर होतो, पत्रा खाली सुरक्षित. कातळवाट, तुमच्याकडे पाऊस आमच्यासारखाच, मे संपायच्या आत करून घ्या.

मिशिगनचा_मराठी | ११ मे, रात्री ११:५०

गोंयकार, तुमच्या वडिलांची काळजी पोचली, पण या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज हा आमचा रोजचा शत्रू. माझी २००४ ची टोयोटा फोररनर गाडी मी स्वतः सांभाळतो. जळकं ऑइल रबराचे बुश फुगवतं आणि मऊ करतं. ते ब्रेक ड्रममध्ये गेलं तर शू बाद. शिवाय जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूची पूड असते. पहिल्या चार पावसांत ते धुऊन अंगणात, तिथून विहिरीत.

मी वर्षातून एकदा खालून स्वच्छ धुतो, दोन दिवस वाळवतो आणि लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा फवारा मारतो. पोकळ भागात मेण.

इथली एक चांगली गोष्ट सांगतो. सुट्या भागांची मोठी दुकानं अनामत रक्कम घेऊन हत्यारं वापरायला देतात. बेअरिंग काढायचा पुलर, टॉर्क पाना, काम झालं की परत द्यायचं आणि अनामत पूर्ण परत मिळते. जळकं ऑइलही तीच दुकानं परत घेतात. आपल्या तालुक्याच्या गावी चार-पाच जीपवाल्यांनी मिळून असा एक हत्यारांचा पेटारा केला तर किती सोयीचं होईल.

गोंयकार_दिवचल | १२ मे, सकाळी ६:४०

विहिरीचा मुद्दा मान्य, त्याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. आमची विहीर अंगणाच्या खालच्या अंगालाच आहे. पण एक विचारतो, वडिलांच्या जीपची चासी आजही ठोकली तर घंटेसारखी वाजते. मग ऑइलचा उपयोग नाही असं कसं म्हणू?

फिटर_नाना | १२ मे, सकाळी ९:०५

दोघांचंही ऐकलं. ऑइलनं लोखंड टिकतं यात वाद नाही. पण लोखंड कुजतं कुठं ते बघा. उघड्या चासीला वारा लागतो, ती वाळते. कुजतात ते कोपरे, जिथं तांबडी माती जाऊन बसते आणि ओली राहते. बॉडी माउंटच्या वर, मडगार्डच्या आतल्या घडीत, मागच्या क्रॉस मेंबरमध्ये. तिथं ऑइल मारलं तर माती आणखी चिकटते.

पाणी निघून जायला चासीला भोकं असतात. एक जाड तार घे, प्रत्येक भोकात घाल आणि माती मोकळी कर. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. गंज दिसला तिथं तारेच्या ब्रशनं घासून पांढरं लोखंड काढ, झिंक प्रायमर मार, मग रंग. एवढं केलंस तर ऑइलची गरज नाही.

वाशिष्ठीकाठ_चिपळूण | १२ मे, सकाळी ११:३०

पाण्यावरून लिहितोय. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची जीप छतापर्यंत पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर शेजारीपाजारी सगळे घाईघाईनं सेल्फ मारून बघत होते. सिलिंडरात पाणी असताना सेल्फ मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या आळीत दोन इंजिनं तशी गेली.

मी बॅटरी काढून ठेवली. चारही नोझल काढले आणि पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरातून तांबड्या पाण्याची चूळ भरून टाकल्यासारखं पाणी बाहेर पडलं, समोरची भिंत भिजली. मग सिलिंडरात थोडं ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं. इंजिन ऑइल बदललं, अर्धा तास चालवून परत बदललं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही एक्सल, सगळीकडे ऑइलचं ताक झालेलं होतं. सगळं काढून, धुऊन, नवं भरलं. सतरा दिवस लागले. घरातला चिखल काढायचा आणि दुपारी जीपखाली शिरायचं. ती आजही चालते.

नदी-नाल्यातून जाणाऱ्यांनी एक्सलवरचा ब्रीदर नक्की बघा. तो मातीनं बुजला की तापलेला एक्सल पाण्यात गार होताना ऑइल सीलमधून पाणी आत ओढतो.

अंजली_पुणे | १२ मे, दुपारी १२:१०

हे वाचून अंगावर काटा आला. त्या दिवसांत नोझल काढून बसायचं सुचणं हीच मोठी गोष्ट.

नवशिका_नगर | १२ मे, दुपारी ४:२०

मी नुकतीच १९९१ ची जीप घेतली. तेरा आणि चौदाचे पाने नीट बसत नाहीत, दोन बोल्टांची डोकी गोल झाली. पाने हलके आहेत की मी चुकतोय?

फिटर_नाना | १२ मे, सायंकाळी ५:००

लेकरा, तुझी चूक नाही. ही जीप मूळ विलीजची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात सुटे भाग जोडून तयार व्हायला लागली, तेव्हापासून तिची चासी इंचाची आहे. प्यूजो इंजिन फ्रेंच, ते मिलिमीटरचं. एकाच गाडीत दोन मापं.

पाऊण इंचाला १९ चा पाना छान बसतो, फरक अगदी नगण्य. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्याला तू १३ लावतोस आणि डोकं गोल होतं. ९/१६ म्हणजे १४.३ च्या आसपास, १४ शिरत नाही, १५ फिरतो. इंची रिंग पान्यांचा एक संच घे. पुण्यात असशील तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जुन्या बनावटीचे मिळतात, घासाघीस करून घे पण चांगलेच घे. आणि गोल झालेल्या बोल्टला आधी एक रात्र डिझेल आणि ऑइल लावून ठेव, मग सहा कोनी सॉकेट ठोकून बसव. बारा कोनी नको.

नवशिका_नगर | १२ मे, सायंकाळी ५:१४

नाना, तुम्ही माझे दोन महिने वाचवलेत.

सरळमार्ग | १२ मे, रात्री ९:००

धागा वाचत होतो. विकून टाका म्हणालो ते मागे घेतो. पण एक काळजी मनापासून सांगतो. माझ्या मावसभावाचा हात घरच्या अंगणात गाडीखाली चिरडला. फक्त हायड्रॉलिक जॅक लावला होता. जॅकचा सील गेला आणि गाडी आवाज न करता खाली बसली. उजवा हात, आज सहा वर्षं झाली, पेन धरता येत नाही. तुम्ही सगळे अनुभवी आहात, तरी लिहा ना यावर कोणी, नवीन लोक वाचतायत.

पंपवाला_सांगली | १२ मे, रात्री ९:३५

सरळमार्ग, बरं केलंत लिहिलंत.

जॅक हा फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. उचलल्याबरोबर चासीखाली लोखंडी स्टँड लावायचे, दोन्ही बाजूंना. चिरा किंवा विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका, जांभा भार आला की मधूनच फुटतो. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगड. मग गाडीला हातानं जोरात हलवून बघा. हलली तर तुम्ही आत नसताना हलू दे. आणि काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं चुकलं तरी माणसापुरती जागा राहते.

एमएम ५४० च्या हँडब्रेकवर विसंबू नका. आणि कातळवाट, तुमचं अंगण उतरतं आहे. खाली शिरायचं काम त्या अंगणात करू नका.

कातळवाट | १२ मे, रात्री १०:१०

हे आजपासून पक्कं. खालच्या खळ्यात सपाट जागा आहे, सारवलेली जमीन आहे तिथं फळ्या टाकून करीन. मी आजवर नुसत्या जॅकवर शिरलोय, लिहितानाही लाज वाटते.

अंजली_पुणे | १३ मे, सकाळी ७:३०

दुसरा प्रश्न मागे पडला, त्यावर माझं मत. ऑइल, फिल्टर, पाइप, बेल्ट, कूलंट, ग्रीस, ब्रेकचे शू, वायरिंगची कनेक्शनं, पाट्यांचे बुश, हे घरी करावं. इंजेक्शन पंप आणि नोझलची जुळणी, डिफरन्शियलची सेटिंग, चासीचं वेल्डिंग, हे जाणत्याकडे.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र सगळे हलगर्जी करतात. ते हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणात तर जास्तच. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलं की १४० वर येतं. घाट उतरताना ड्रम तापले, ऑइल उकळलं की पेडल सरळ फळीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी, ऑइल आणि हवा सोडायच्या निपलवर, लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. आमच्या घरी माझी मुलगी पेडलवर असते, "दाब" म्हटलं की दाबते, "धर" म्हटलं की धरते. बारा वर्षांची आहे, पण तिला विचारल्याशिवाय मी आता निपल सोडत नाही.

आणि ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका, हवा मारू नका. जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

विहीरकाठ | १३ मे, सकाळी ८:०२

कूलंट घरी बदलणाऱ्यांनी तेही उघडं ठेवू नका. गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. आमचा मोती तसाच गेला.

कातळवाट | १५ मे, रात्री ८:४५

मंडळी, सापडलं!

काल सकाळी जीप खाली खळ्यात नेली. बाबांनी खुर्ची मागवली आणि बॉनेटच्या बाजूला बसले. त्यांना आता वाकता येत नाही, पण नजर तीच. फीड पंप ते फिल्टर पारदर्शक पाइप लावला, हात पंपानं हवा काढली, चालू केली. पहिली दोन मिनिटं पिवळं डिझेल अगदी स्वच्छ. मी म्हणणार होतो की काही नाही, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब, बोलू नको." मोहरीएवढा एक बुडबुडा आला. मग एक. मग तीन एकदम, माळेसारखे.

नंतर कॅनमधून डिझेल दिलं, पंपवाल्यांनी सांगितलं तसं. दहा मिनिटं बघत बसलो. एकही नाही. म्हणजे टाकी ते फीड पंप.

टाकीकडून चासीवरून येणारा लोखंडी पाइप इंजिनपाशी संपतो, तिथं वीतभर रबरी पाइप आहे. वरून बघितला तर काळा कुळकुळीत, कुणीही चांगला म्हणेल. क्लिप सोडली आणि पाइप दोन बोटांत वाकवला, तर क्लिपच्या खालोखाल सगळीकडून बारीक भेगा, सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. त्यातली एक आरपार. क्लिप इतकी वर्षं तिच्यावरच आवळलेली होती. बाबा म्हणाले, हा पाइप तू दहावीला होतास तेव्हा टाकलेला.

एक मीटर डिझेलचा पाइप, सहा क्लिपा, बँजोचे (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे चार वायसर, सगळे मिळून चारशे दहा रुपये. पुढचे-मागचे सगळे रबरी तुकडे बदलले. रात्री मुद्दाम अंगणात नाक वर करून लावली. आज सकाळी पहिल्या सेल्फला चालू, आणि चालूच राहिली. बाबा आत चहा पीत होते, आवाज ऐकून कप घेऊनच बाहेर आले.

अंजलीताई, हीटरही तपासले. तिसऱ्या प्लगवर बल्ब पेटला नाही. तोही बदलला.

पंपवाला_सांगली | १५ मे, रात्री ८:५८

वा! माझं एक गिऱ्हाईक गेलं आणि मला मनापासून आनंद झाला.

अंजली_पुणे | १५ मे, रात्री ९:१०

बाबांना माझा नमस्कार सांगा. "बोलू नको" हे फार आवडलं.

गोंयकार_दिवचल | १५ मे, रात्री ९:२२

अभिनंदन. मी यंदा ऑइल मारलं नाही. नानांनी सांगितलं तशी तार घालून भोकं मोकळी केली. मागच्या क्रॉस मेंबरमधून घमेलंभर तांबडी माती निघाली, आतली अजून ओली. मे महिन्यात ओली! ब्रश आणि झिंक प्रायमर आणलाय.

कातळवाट | १६ मे, सकाळी ७:१५

नाना, आता धीर आलाय म्हणून पुढचं विचारतो. चाळीसच्या पुढं गेलो आणि पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग थरथरतं, हळू केल्याशिवाय थांबत नाही. टाय रॉड एंड गेल्या वर्षीच बदललेत. बेअरिंग की किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खिळा?

फिटर_नाना | १६ मे, सकाळी ९:४०

पुढचं चाक उचल, स्टँड लाव. एक हात चाकाच्या माथ्याला, एक तळाला, आणि आत-बाहेर हलव. खेळ लागला तर मुलाला ब्रेक दाबायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, नट आवळून बघ. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन.

किंगपिन निघाला तर वरची टोपी खोलताना खाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या असतील. वरच्या किती, खालच्या किती, मोजून कागदावर लिहून ठेव आणि वेगवेगळ्या वाटीत ठेव, मिसळू देऊ नको. बेअरिंग नवी घाल, शिम आहेत तेवढ्याच घालून एकदा बसव आणि नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा भाग, हातानं फिरवून बघ. ढिली वाटली तर एक शिम काढ, जड झाली तर एक घाल. बाबांना खुर्ची तिथंच मांड. पहिलं चाक झालं की दुसरं उघडायच्या आधी मला इथं कळव.